'आम्ही संवर्धनाला हातभार लावतो' म्हणणाऱ्या सफारी कंपन्या: पैसे नक्की जातात कुठे?

टिटवी

नमस्कार मंडळी. गेले दोन महिने एका ट्रिपची तयारी चाललीये. कुठे जायचं ते अजून पक्कं नाही पण जंगल बघायला जायचं एवढं ठरलंय, आणि त्या नादात सात-आठ कंपन्यांच्या साईट उघडून बसलेय. गंमत अशी की झाडून सगळ्या साईटवर खाली कोपऱ्यात हिरव्या पानाचं चित्र आणि शेजारी 'तुमच्या प्रवासातून आम्ही वन्यजीव संवर्धनाला हातभार लावतो'. आता हातभार म्हणजे किती आणि कुणाच्या हातात, हे कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून एका कंपनीला सरळ मेल टाकला की हे जरा सविस्तर सांगा. उत्तर आलं, आमच्या रिसॉर्टमध्ये प्लास्टिकच्या बाटल्या बंद आहेत आणि पाहुण्यांनी सांगितल्याशिवाय टॉवेल रोज धूत नाही. चांगलंय हो, पण टॉवेल न धुतल्याने वाघ कसा वाढणार ते मला काही कळलं नाही.

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे मागची सफारी. जागेचं नाव मुद्दाम देत नाही. वाघीण रस्ता ओलांडायला आली होती, मागे बांबूत दोन पिल्लं. आमच्या ड्रायव्हरला फोन आला आणि त्याने गाडी अशी हाणली की माझी टोपी उडाली ती उडालीच. पोचलो तर दोन्ही बाजूंनी मिळून वीस-बावीस जिप्स्या, इंजिनं चालू, एकमेकांच्या पुढे घुसायची धडपड. वाघीण एक पाऊल रस्त्यावर टाकायची, कान मागे पाडायची, परत आत. असं तीनदा झालं. चौथ्यांदा ती आलीच नाही. आतून एका पिल्लाचा बारीक आवाज येत राहिला. आणि मी काय करत होते, तर सीटवर उभी राहून फोटो काढत होते. तेही लिहायलाच हवं.

तर विचारायचंय ते एवढंच, की आपण गेल्यामुळे जंगल टिकतं असा धंदा खरंच असतो का, की आपल्या मनाला बरं वाटावं म्हणून ते पान छापलेलं असतं? आणि असतो तर बाहेरून ओळखायचा कसा? ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा प्लीज.

खवचट_खंड्या

टॉवेल :))

जंगलाला सगळ्यात जास्त मदत घरी बसून होते. विमानाचा धूर नाही, जिप्सी नाही, वाघिणीला ताप नाही. जे पैसे वाचतील ते देऊन टाका एखाद्या संस्थेला.

पाणकणीस

वाचतेय. मागे अशाच एका गर्दीत मी पण होते.

हिशेबनीस

खंड्या, घरी बसलेला माणूस वाचलेले पैसे खरोखर नेऊन देतो हे तुम्ही कधी बघितलंय? मी तरी नाही बघितलं.

टिटवी, माझा जन्म दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेला म्हणून मी त्याच बाजूने बोलते. सफारीचं पॅकेज म्हणजे एक आकडा दिसतो पण त्यात निरनिराळ्या खिशांचे पैसे असतात. मोठा भाग विमान कंपनी, एजंट आणि हॉटेल मालक, आणि हे सगळे बहुतेक वेळा जंगलापासून शेकडो मैल लांब बसलेले. जंगलाच्या अंगाला लागतात ते पैसे म्हणजे गेटवरची फी, तिथल्या लोकांचे पगार, आणि जिथे जमीन गावाची आहे तिथे जमिनीचं भाडं. बाकी सगळी सजावट.

गेटच्या फीचंही एक गणित आहे. ती फी सरकारी तिजोरीत गेली की परत जंगलात येईलच असं नाही. आपल्याकडे २००६ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान काढायची तरतूद आली, म्हणजे पर्यटकांनी भरलेले पैसे त्याच प्रकल्पाकडे राहून तिथल्या कामाला आणि आसपासच्या गावांना वापरता येतात. ही गोष्ट पर्यटकांपैकी किती जणांना ठाऊक असते? त्यामुळे कंपनीला पहिला प्रश्न असा विचारा की माझ्या पॅकेजमधली गेट फी किती, आणि ती वगळून तुमच्या स्वतःच्या खिशातून तुम्ही काय देता. कित्येक कंपन्या सरकारी फी भरतात आणि तिलाच 'आमचं योगदान' म्हणून छापतात. ती फी तर मी पण भरते की!

आडवाटे

हिशेबनीसताईंशी सहमत. मी रवांडाला गोरिला बघायला जाऊन आलोय, तिकडचं लिहितो.

परमिट १५०० डॉलर. २०१७ पर्यंत ७५० होतं, एका झटक्यात दुप्पट केलं. एका गोरिला कुटुंबाला दिवसातून एकच ग्रुप भेटतो, ग्रुपमध्ये जास्तीत जास्त ८ माणसं, आणि कुटुंब दिसल्यापासून मोजून एक तास. सर्दी-खोकला असेल तर आत सोडत नाहीत, कारण आपले आजार त्यांना लागतात. आमच्यातल्या एका बाईला गेटवर शिंका आल्या तर तिला दहा मिनिटं बाजूला घेऊन चौकशी चालली होती, बिचारीच्या डोळ्यात पाणी.

पण मला जे सगळ्यात पटलं ते वेगळंच. आम्ही चढत होतो तेव्हा पुढे ट्रॅकर आधीच पोचलेले होते. ते पहाटे निघतात, आदल्या दिवशी गोरिला जिथे होते तिथून माग काढत जातात आणि दिवसभर आसपास राहतात, पर्यटक एक तास थांबून गेले तरी हे थांबलेलेच. म्हणजे पर्यटकाला गोरिला दाखवायची जी यंत्रणा आहे तीच त्यांची राखण पण करते. वाटेत एका ट्रॅकरने तारेचा फासा काढून दाखवला, हरणासाठी लावलेला, पण गोरिलाच्या पिल्लाचा हात अडकला तर मनगट जातं. त्याने तो खिशात टाकला आणि पुढे चालू लागला, आपण रस्त्यातला खिळा उचलावा तसा.

रवांडा, युगांडा आणि काँगोच्या सीमेवरच्या विरुंगा डोंगररांगेत ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अडीचशेच्या आसपास गोरिला उरले होते. २०१५-१६ च्या मोजणीत ६०४ भरले. २०१८ मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत डोंगरी गोरिलाला 'अतिसंकटग्रस्त'मधून एक पायरी खाली, 'संकटग्रस्त'मध्ये आणलं. याचं सगळं श्रेय पर्यटनाला नाही, डॉक्टर आहेत, रेंजर आहेत, त्यातले किती तरी जीवानिशी गेलेत. पण पगार येतो कुठून, तर बराचसा या परमिटमधून. पर्यटनाच्या उत्पन्नातला १० टक्के वाटा आजूबाजूच्या वस्तीच्या कामांना जातो, आधी ५ टक्के होता.

खवचट_खंड्या

१५०० डॉलर एका तासाचे! म्हणजे संवर्धन ही श्रीमंतांनी करायची गोष्ट, आपण कॅलेंडरवर गोरिला बघावा.

आडवाटे

मी तीन वर्षं पैसे साठवले हो, श्रीमंत कसला. पण मुद्दा खोटा नाही तुमचा. माणसं कमी हवीत तर दर चढा लागतो, दर उतरवला तर गर्दी होते आणि मग टिटवींच्या वाघिणीसारखं होतं. मधला रस्ता मला तरी सापडलेला नाही.

सांबरशिंग

सगळे गोरिला गोरिला करताय म्हणून एक काडी टाकतो. त्याच डोंगरांमध्ये बाट्वा लोक राहत होते, जंगलातच शिकार आणि मध यावर जगणारे. १९९१ साली युगांडात ब्विंडी राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्यांना बाहेर काढलं. जमीन मिळाली नाही, भरपाई जवळपास नाहीच, दुसऱ्यांच्या शेतावर मजुरी करून राहिले. आता पर्यटकांसाठी 'बाट्वा अनुभव' नावाची फेरी असते, त्यात तेच लोक जंगलाच्या कडेला उभे राहून आग कशी पेटवायचो, सापळा कसा लावायचो ते करून दाखवतात. ज्या घरातून हाकललं त्याच घराचं नाटक. कुणी म्हणेल चार पैसे मिळतात त्यांना. मिळतात. पण मला ते बघवलं नाही.

टांझानियात लोलिओंडोला २०२२ च्या जूनमध्ये गुरं राखणाऱ्या मसाई लोकांच्या जमिनीवर संरक्षित क्षेत्राच्या हद्दीचे खांब रोवायला पोलिस आले आणि गोळीबार झाला. तेव्हा 'संवर्धन' शब्द दिसला की मी आधी विचारतो की इथे आधी कोण राहत होतं, आणि ते आता कुठे आहेत.

हिशेबनीस

सांबरशिंग, बरोबर आहे तुमचं, आणि म्हणूनच जमिनीच्या भाड्याचा मुद्दा मी वर काढला होता. केनियात मसाई मारा अभयारण्याच्या बाहेर जी जमीन आहे ती मसाई कुटुंबांच्या नावावर आहे. २००६ च्या सुमारास तिथे ओलारे ओरोक नावाची कॉन्झर्व्हन्सी झाली, नंतर २०१० मध्ये नाबोइशो, आणि पुढे बऱ्याच. कल्पना साधी आहे, शेकडो जमीनमालक आपापले तुकडे एकत्र करतात, कुंपण घालत नाहीत, चराई ठरवून करतात, आणि त्या बदल्यात सफारी कॅम्पवाले दर एकरामागे ठरलेलं भाडं देतात. पाहुणे आले काय, नाही आले काय, भाडं ठरलेलं. तंबू किती आणि एका सिंहाभोवती गाड्या किती यावर मर्यादा. इथे गावकरी मालक आहेत आणि कंपनी भाडेकरू. नामिबियात वेगळ्या पद्धतीने तेच, १९९६ ला कायदा बदलला, १९९८ ला पहिल्या चार सामुदायिक कॉन्झर्व्हन्सी नोंदल्या गेल्या, आज ऐंशीच्या वर आहेत, प्राण्यांवरचा हक्क काही प्रमाणात गावाकडे.

(नामिबियाच्या उत्पन्नात शिकारीच्या परवान्यांचे पैसे पण येतात, केनियात १९७७ पासून शिकार बंद. तो वाद इथे नको, धाग्याची काशी होईल.)

पाऊलखुणा

मी या धंद्यातला माणूस. अकरा वर्षं गाईड आहे, कुठे ते सांगत नाही कारण पोटाचा प्रश्न आहे. टिटवी ताई, तुमची वाघीण वाचली आणि दोन दिवस लिहू का नको असं चाललं होतं.

त्या बावीस गाड्यांत माझी पण गाडी असू शकते, खोटं कशाला बोलू. ड्रायव्हर गाडी हाणतो कारण गाडी बहुतेक वेळा कर्जावर असते, हप्ता असतो, फेरीचे पैसे ठरलेले आणि वरची कमाई म्हणजे टिप. आणि टिप वाघावर असते. वाघ दिसला तर खिशात हात जातो, नाही दिसला तर पाहुणे गाडीतून उतरून वळून पण बघत नाहीत. एकदा सकाळच्या फेरीत रानकुत्र्यांची टोळी मिळाली, नऊ होती, पिल्लं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती, अर्धा तास आमच्याच गाडीला, दुसरं कुणी नाही. माझ्या अंगावर काटा आला. मागच्या सीटवरचे साहेब म्हणाले कुत्रेच बघायचे असते तर घरीच थांबलो असतो.

बुकिंग करताना फोनवर पहिला प्रश्न काय येतो माहितीये? 'वाघ गॅरंटी आहे का?' मालक म्हणतो हो हो. आणि ती गॅरंटी मग आमच्या डोक्यावर. म्हणून मी म्हणतो पर्यटकाने कंपनीला उलटं विचारावं, गाईडचा आणि ड्रायव्हरचा पगार किती आहे आणि तो टिपवर चालतो का. ज्या मालकाने ड्रायव्हरला महिन्याचा नीट पगार दिला त्याची गाडी गर्दीत घुसत नाही, हे मी रोज बघतो. घुसायची गरजच नाही त्याला.

आणि आमचा उपयोग काय तेही सांगतो, कारण सगळे आम्हालाच शिव्या घालतात. उन्हाळ्यात वणव्याचा धूर पहिल्यांदा कुणाला दिसतो, तर रोज फिरणाऱ्या गाईडला. फासा, ताजी तोडलेली झाडं, पाणवठ्यात कुणी काही टाकलंय का, हे आमच्या नजरेत येतं आणि आम्ही कळवतो. वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढायला आमच्याच गावची पोरं. २०१२ ला सुप्रीम कोर्टाने जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं, म्हणजे गाभ्याच्या जंगलातलं पर्यटन थांबवलं होतं, पावसाळाच होता म्हणून निभावलं, पण गावात घरोघरी तीच चर्चा, आता काय. नंतर नियमावली आली, कोअरचा जास्तीत जास्त २० टक्के भाग पर्यटनाला. मला ते योग्यच वाटतं. उरलेल्या ऐंशीत वाघाला कुणी फोन लावून शोधत नाही.

टिटवी

पाऊलखुणा दादा, हे लिहिल्याबद्दल खूप आभार. खरं सांगू, आम्ही पण त्या दिवशी टिप दिली. वाघीण दिसली म्हणून. जास्तच दिली.

खोल_पाणी

पाण्याखालचं कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. फिलिपिन्समध्ये व्हेल शार्क बघायच्या दोन प्रसिद्ध जागा आहेत, मी दोन्हीकडे गेलोय, आणि टिटवींच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दोन जागांच्या फरकात सापडलं.

ओस्लोबला २०११ च्या आसपास मच्छीमारांनी व्हेल शार्कना बारीक झिंगे खायला घालायला सुरुवात केली. आता रोज सकाळी होडीतून मूठमूठ टाकतात, मासे रांगेत येतात, पर्यटक रांगेत उतरतात. गॅरंटी शंभर टक्के. मी पाण्यात उतरलो तर समोर एवढा अजस्त्र जीव होडीच्या कडेला उभा, अक्षरशः उभा, शेपूट खाली, तोंड वर, बादलीखाली तोंड उघडून वाट बघतोय. त्याच्या तोंडाच्या कडेला घासून घासून पांढरं पडलेलं, पंखाच्या टोकाला होडीच्या पंख्याच्या पात्याने कापल्यासारख्या खाचा. होडी म्हणजे खाणं हे डोक्यात बसलं की तो कुठल्याही होडीजवळ जाणार, आणि सगळ्या होड्या झिंगे टाकणाऱ्या नसतात. शिवाय हा मासा हजारो किलोमीटर फिरणारा, तो इथे महिनोन् महिने अडकून पडतो.

दोन्सोलला खायला घालत नाहीत. तिथे १९९८ पासून पर्यटन सुरू आहे, त्याच वर्षी फिलिपिन्सने व्हेल शार्क पकडण्यावर बंदी घातली. होडीच्या पुढच्या टोकाला एक माणूस उभा राहून पाण्यात सावली शोधतो. पहिले दोन दिवस मला काहीच दिसलं नाही. नुसतं ऊन आणि डिझेलचा वास. तिसऱ्या दिवशी तो माणूस 'गो गो' ओरडला, उडी मारली, खाली एक काळी सावली ठिपके घेऊन सरकत गेली, वीस सेकंद असेल. बस. आणि मला त्या दोन कोरड्या दिवसांमुळेच तो धंदा खरा वाटला.

पालाऊबद्दल २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हिशेब मांडला होता, तिथला एक जिवंत शार्क त्याच्या आयुष्यात पर्यटनातून १९ लाख डॉलरची कमाई करून देतो आणि मारून विकला तर १०८ डॉलर. हा आकडा सगळीकडे फिरतो. मला तो आवडतो पण थोडा सांभाळूनच, कारण ते १९ लाख ज्याला मिळतात तो आणि १०८ साठी ज्याने गळ टाकला असता तो, हे एकच घर आहे का, हे त्या आकड्यात दिसत नाही.

हे जमवलेलं मी एका ठिकाणी बघितलं, इंडोनेशियात राजा अंपातच्या दक्षिणेला मिसूल नावाचं रिसॉर्ट आहे. ज्या बेटावर रिसॉर्ट आहे तिथे आधी शार्कचे पंख कापायचा तळ होता. यांनी गावांशी करार करून समुद्राचा मोठा पट्टा मासेमारीबंद केला आणि गस्तीसाठी रेंजर ठेवले. जेट्टीच्या खाली संध्याकाळी काळ्या टोकाची शार्क पिल्लं गुडघाभर पाण्यात फिरत होती, पायऱ्यांवर बसून बघत होतो. महाग आहे, ते आधीच सांगतो, नाहीतर खंड्या येईल.

खवचट_खंड्या

आलोच होतो.

पण दोन दिवस काही न दिसण्याचे पैसे देऊन खूश होणारा माणूस पहिल्यांदाच बघतोय. मान गये.

पाणकणीस

एक विचारू का? माझ्या भाचीला आफ्रिकेत 'व्हॉलंटियर' म्हणून जायचंय, सिंहाच्या पिल्लांना बाटलीने दूध पाजायचं, अनाथ पिल्लं आहेत, मोठी झाली की जंगलात सोडणार असं लिहिलंय. महिनाभराचे पैसे तीच भरणार. हे कसं आहे?

हिशेबनीस

नका पाठवू. प्लीज.

एवढी अनाथ पिल्लं येतात कुठून हा विचार करा. दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यात सिंहांची पैदास करणारे फार्म आहेत, पिल्लू काही दिवसांतच आईपासून तोडतात म्हणजे ती लवकर परत विते, पिल्लं पर्यटकांच्या मांडीवर, थोडी मोठी झाली की 'सिंहासोबत चाला', आणि मोठी झाली की कुंपणातली शिकार किंवा हाडांचा व्यापार. माणसाच्या हातावर वाढलेला सिंह जंगलात सोडता येत नाही. तिथल्या सरकारनेच २०२१ मध्ये ही पैदास बंद करण्याचं धोरण जाहीर केलं.

थायलंडमधलं टायगर टेंपल आठवत असेल, साधूंच्या शेजारी वाघ बसलेले, लोक रांगा लावून फोटो काढायचे. २०१६ ला धाड पडली, १३७ वाघ हलवले आणि फ्रीझरमध्ये ४० मेलेले बछडे सापडले. ते पण स्वतःला संवर्धनच म्हणवायचे.

पाऊलखुणा

हात लावू देतात तिथून परत फिरा. एवढंच सांगा भाचीला.

पाणकणीस

तिला हा धागाच पाठवला. चिडलीये, पण वाचतेय.

आडवाटे

भाचीला काम करायचंच असेल तर नुसतं बघणारं, मोजणारं काम बघा. नामिबियाच्या वाळवंटी भागात सेव्ह द ऱ्हायनो ट्रस्ट म्हणून संस्था आहे, १९८२ पासूनची, तिचे ट्रॅकर काळ्या गेंड्यांवर रोज नजर ठेवतात, आणि तिथला एक सफारी कॅम्प असा चालतो की पाहुणे या ट्रॅकरांच्या मागून जातात, गेंडा दिसला की लांबूनच बघायचं, ट्रॅकर कानाच्या खाचांवरून कुठला गेंडा ते वहीत लिहितो, की परत. पाहुण्यांच्या पैशातून गस्तीचा खर्च निघतो. आणि हो, गेंड्याचा फोटो टाकायचा असेल तर मोबाईलमधलं लोकेशन बंद करा. फोटोसोबत जागेचे आकडे गेले की शिकाऱ्याला आयता पत्ता.

सांबरशिंग

मी मघाशी चिडून लिहिलं होतं, आता एक चांगलं पण लिहितो नाहीतर सगळे म्हणतील हा नुसता रडतो.

अरुणाचलमध्ये ईगलनेस्ट अभयारण्याजवळ बुगुन जमातीची गावं आहेत. तिथे २००६ मध्ये बुगुन लिओसिक्ला नावाचा नवीन पक्षी जगापुढे आला, रमण आत्रेय यांनी शोधलेला, ते मूळचे खगोलशास्त्रज्ञ. नवीन जात जाहीर करायची तर नमुना म्हणून पक्षी मारून ठेवायची रीत असते, यांनी तो मारला नाही कारण दिसलेच मोजके होते, पकडून, मोजमाप करून, गळलेली पिसं ठेवून सोडून दिला. पक्ष्याला नाव दिलं जमातीचं. मग जगभरातून पक्षीवेडे यायला लागले, कॅम्प गावातली माणसं चालवतात, आणि २०१७ मध्ये गावाने आपल्या मालकीच्या जंगलाचा १७ चौरस किलोमीटरचा भाग सामुदायिक राखीव केला. कुणाला हाकललं नाही. जंगल त्यांचं होतं आणि त्यांचंच राहिलं. मी गेलो तेव्हा तो पक्षी मला दिसला नाही, हे अवांतर.

कोकणातलं वेळास पण याच जातीचं. सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ मध्ये कासवांची अंडी वाचवायचं काम धरलं, २००६ पासून कासव महोत्सव. राहायचं गावातल्याच घरांमध्ये. सकाळ-संध्याकाळ हॅचरीतली, म्हणजे अंडी पुरून राखतात तिथली टोपली उचलतात, खाली पिल्लं निघाली असली तर निघाली, नसली तर नुसती वाळू. मी एकदा चारही वेळा नुसती वाळू बघून आलोय. शेजारचा एक छोटा मुलगा टोपलीला म्हणाला 'उद्या तरी निघा रे'.

खोल_पाणी

चारही वेळा वाळू :) आपलं जमणार.

हिशेबनीस

एक कडू गोष्ट राहिली ती लिहिते. २०२०. विमानं बंद झाली आणि हे सगळे चांगले धंदे पण आडवे झाले. मारामध्ये भाडं ठरलेलं म्हटलं ना मी, तेही तेव्हा कमी करावं लागलं, कॅम्पच बंद, देणार कुठून. युगांडात ब्विंडीमध्ये जूनमध्ये रफिकी नावाचा सिल्व्हरबॅक, म्हणजे पाठीवर चंदेरी केस आलेला मोठा नर गोरिला मारला गेला, फासे लावायला गेलेल्या माणसाकडून, त्याला ११ वर्षांची शिक्षा झाली.

म्हणून जो गाव फक्त पर्यटकांवर जगतो तो एका साथीत, एका युद्धात उघड्यावर येतो. लडाखमध्ये हेमिसच्या बाजूला हिम बिबट्यासाठी जे होमस्टे आहेत ते मला त्या मानाने शहाणे वाटतात. तिथल्या लोकांचं मूळ काम मेंढ्या-बकऱ्या आणि शेती, ते सोडलेलं नाही. पूर्वी हिम बिबट्या रात्री गोठ्यात शिरला की एका रात्रीत डझनावारी जनावरं मारायचा, मग लोक त्याला मारायचे. स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सीने गोठ्यांवर तारेची जाळी बसवून दिली आणि घरांमध्ये पाहुणे ठेवायला शिकवलं, पाहुणे घरोघरी पाळीने. पाहुणे आले तर वरकमाई, नाही आले तर मेंढ्या आहेतच, आणि जाळी तर आहेच. आता मला कुठली कंपनी 'आमच्यामुळे गावाचं पोट भरतं' म्हणाली की मी विचारते, तुम्ही वर्षभर आला नाहीत तर काय होईल?

टिटवी

अपडेट द्यायला आले. उशीर झाला, सॉरी.

तुमच्या सगळ्यांचे प्रश्न जमवून सात कंपन्यांना एकच मेल टाकला. सरकारी फी सोडून तुम्ही काय देता, कुणाला देता. जमीन कुणाची. ड्रायव्हर-गाईडला पगार की टिप. पाहुणे नव्हते त्या वर्षी काय केलंत. आणि मुद्दाम शेवटी विचारलं, प्राणी दिसण्याची गॅरंटी देता का.

तिघांचं उत्तरच नाही. एकाने चोवीस पानी रंगीत पुस्तिका पाठवली, त्यात हसऱ्या मुलांचे आणि झाडं लावतानाचे फोटो, आकडा एकही नाही. एकाने लिहिलं गॅरंटी आहे, ९९ टक्के, आजच बुक केलंत तर सवलत. टॉवेलवाल्यांनी परत टॉवेलच पाठवले.

राहिली एक. छोटी कंपनी आहे, सहा खोल्या. उत्तर आठवड्याने आलं, इंग्रजी मोडकंतोडकं, पण लांबलचक. जमीन गावातल्या चाळीस-एक कुटुंबांची, भाडं दर महिन्याला, खोल्या रिकाम्या असल्या तरी. ड्रायव्हर पगारी, टिपचा एकच डबा, तो महिनाअखेरीस स्वयंपाक्यापासून सगळ्यांत वाटतात. २०२० बद्दल लिहिलंय की आठ महिने अर्धंच भाडं देऊ शकलो, उरलेलं अजून फेडतोय, दोन कुटुंबं करार सोडून गेली आणि त्यांनी कुंपण घातलं. आणि गॅरंटीबद्दल एकच ओळ, 'गेल्या आठवड्यात पाच दिवस राहिलेल्या पाहुण्यांना मोठं काही दिसलं नाही, ते नाराज होऊन गेले, तुम्ही विचार करून या.'

बुक केलं.

सांबरशिंग

ती दोन कुटुंबं का सोडून गेली ते तिथे गेल्यावर विचारा. त्यांच्याकडूनच विचारा जमलं तर.

टिटवी

विचारणार आहे. आणि आल्यावर लिहीन, काही दिसलं नाही तरी.

आता एक बावळट प्रश्न, दुर्बीण कुठली घ्यावी? मागच्या वेळी सगळं मोबाईलच्या झूममधूनच बघितलं होतं.

खवचट_खंड्या

टॉवेल मात्र घरून न्या.

पाऊलखुणा

आठ बाय बेचाळीस घ्या ताई (आठपट जवळ दाखवते, पुढची काच बेचाळीस मिलिमीटरची), दहापटवाली हातात हलते आणि गाडीत तर उपयोगच नाही. चष्मा असेल तर डोळ्याकडचं रबर खाली वळवता येतं का ते दुकानात लावून बघा. बाकी दुर्बिणीचा वेगळा धागा काढा, मी येतो तिकडे.